हायपर लाइट ड्रिफ्टर नवीन सुरू केला का? पहिले पाच-सहा तास असे काढ

रविवारी दुपारी चारला गेम लावला आणि साडेपाचपर्यंत ४२ वेळा मेलो. मोजले मी नाही, बाजूला बसलेल्या मावसभावाने मोजले, पेपरच्या कोपऱ्यात पेनाने रेघा मारून मारून, आणि दर पाच रेघांवर आडवी काट मारताना बेटा हसून राहिला होता. "दादा, तू नुसता मरूनच राहिला." बाहेर ४४ डिग्री, खोलीत कूलरचा घरघराट, आई म्हणे काय लावलं आहे रे दुपारभर. तर अशा वातावरणात शिकलेल्या गोष्टी खाली लिहून राहिलो. आता पूर्वेकडचा भाग पूर्ण झाला आहे, उत्तरेकडचा अर्धा झाला आहे, गेम संपवलेला नाही, म्हणून हे फक्त सुरुवातीपुरतं धर. शेवट कसा आहे ते मला विचारू नको आणि माहीत असेल तर सांगूही नको.

ज्याला गेम माहीतच नाही त्याच्यासाठी दोन ओळी. वरून दिसणारा पिक्सेल आर्टवाला (म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा) अ‍ॅक्शन आरपीजी आहे, म्हणजे लढत लढत हिरोची ताकद वाढवत न्यायची, हार्ट मशीन नावाच्या स्टुडिओचा, ३१ मार्च २०१६ ला आला. म्हणजे जुना आहे, पण मी आत्ता घेतला, सेलमध्ये, त्यात लाजायचं काय. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करायच्या साइटवर, बनवणाऱ्यांनी २७ हजार डॉलर मागितले होते आणि लोकांनी ६ लाख ४५ हजाराच्या आसपास दिले. मुख्य माणूस अ‍ॅलेक्स प्रेस्टन, त्याला जन्मापासून हृदयाचा आजार, आणि गेममधला हिरो पण सुरुवातीपासून खोकून राहिला, तोंडातून रक्त, मधेच कोसळते. हे आधी माहीत असलं की तो खोकला वेगळाच लागते. गेममध्ये एकही वाक्य बोललं जात नाही. गावातले लोक भेटले की त्यांच्या डोक्यावर चित्रं येतात, एक-दोन-तीन चित्रं, आणि त्यातून समजून घ्यायचं की यांच्या गावावर काय आफत आली. म्हणजे इंग्रजी कच्चं असलं तरी काही अडत नाही, माझ्या मावसभावाला माझ्या आधी गोष्ट समजली.

आता कामाचं. सगळ्यात आधी स्क्रीन, कारण याच्यावर कोणी बोलतच नाही. गेम मुळात ४८० गुणिले २७० पिक्सेलवर काढलेला आहे. तुझी स्क्रीन १९२० गुणिले १०८० असेल तर बरोब्बर चारपट होते, प्रत्येक ठिपका चौरस आणि सारखा दिसते, काही करायची गरज नाही. पण माझा जुना लॅपटॉप १३६६ गुणिले ७६८ वाला, त्यावर फुल स्क्रीन केलं की हिशोब पूर्ण बसत नाही, काही ठिपके जाड, काही बारीक, आणि हिरो चालताना त्याचा चेहरा थरथरल्यासारखा वाटते. मला वाटलं डोळेच गेले. मग विंडोमध्ये दुपटीने, म्हणजे ९६० गुणिले ५४० वर चालवला तर एकदम स्वच्छ. स्क्रीन लहान होते हे खरं, पण जिथे एका टोकावरून येणारी गोळी दोन ठिपक्यांची असते तिथे स्वच्छ दिसणं मोठं दिसण्यापेक्षा कामाचं आहे. टीव्हीवर लावून राहिला असशील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू कर, नाहीतर बटन दाबल्यावर जरा उशिरा हलते आणि तू स्वतःला शिव्या देत बसशील.

कंट्रोलर की कीबोर्ड? दोन्ही चालतात. कीबोर्ड-माऊसचा फायदा असा की बंदुकीचा नेम माऊसने पटकन लागते. कंट्रोलरवर हात मोकळा राहते आणि पळणं जास्त चांगलं जमते. मी नागपूरच्या बुलडी मार्केटमधून एक स्वस्तातला घेतला, दुकानदार म्हणे भाऊ ओरिजिनलच समजा, दुसऱ्या दिवशी त्याची डावी काडी आपोआप वर सरकायला लागली आणि माझा हिरो जिथे उभा करा तिथून शांतपणे दरीत चालत जाऊन राहिला. त्या ४२ पैकी सात-आठ मरणं त्या कंट्रोलरच्या नावावर आहेत, हे मी मावसभावाला अजून पटवून राहिलो. तर घेताना दुकानातच एखादा गेम लावून बघायचा, काडी सोडल्यावर कॅरेक्टर जागेवर थांबते का ते पाहायचं, आणि जमलं तर वायरवाला घ्यायचा.

आवाज हेडफोनवर ऐक. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे ट्रॅक्टर चालू असल्यासारखंच आहे, आणि इथे बोलणं नसल्यामुळे अर्धी माहिती आवाजातून येते, मागून कोण झेपावून राहिला, बंदूक भरली का, गुपित जवळ आहे का. आणि डिझास्टरपीस नावाच्या संगीतकाराचं संगीत आहे, ते स्पीकरवर कूलरच्या मागे वाया घालवू नको. लाइन गेली तर घाबरू नको, गेम दर खोलीत शिरताना आपोआप सेव्ह होते, माझ्याकडे दोनदा लाइन गेली आणि दोन्ही वेळा फक्त एक खोली परत करावी लागली.

सुरुवातीचा अंधारा भाग आहे तो शिकवणीचा आहे, तिथे घाई करू नको. चालणं, मारणं, डॅश मारणं (म्हणजे एका झटक्यात पुढे सटकणं), दुसरं काही नाही. मग हिरो कोसळते आणि दुसरा एक तसलाच भटक्या त्याला उचलून गावात आणते, तिथे तू जागा होते. गाव मधोमध आहे आणि चारही दिशांना चार रस्ते. गेम सांगत नाही कुठे जायचं. मी आपला मर्दासारखा पहिले उत्तरेला गेलो, बर्फ, पहाड, पक्ष्यासारखे लोक, आणि तिथेच ४२ पैकी ३० रेघा पडल्या. तसं करू नको. पहिले पूर्वेला जा. पूर्वेला पाणी आहे, तळं, बुडालेल्या इमारती आणि बेडूक, आणि हे बेडूक उत्तरेवाल्यांच्या तुलनेत सोपे आहेत. नंतर उत्तर किंवा पश्चिम, तुझी मर्जी. दक्षिणेचं टेन्शन घेऊच नको, बाकी तीन झाल्याशिवाय तो रस्ता उघडतच नाही, मी उगाच पंधरा मिनिटं त्या दाराला तलवार मारून राहिलो होतो.

आता मुख्य गोष्ट, बाकी सगळं विसरला तरी चालेल. दोन मारायचे आणि सटकायचं.

सांगतो काहून ते. तलवारीचे सलग तीन वार होतात, आणि तिसरा वार मारून राहिला असताना तू तिथे अडकलेला असते, क्षणभर का होईना. एकट्या बेडकासमोर तिसरा मारला तर काही होत नाही, तो मरते. पण हा गेम तुला एकटा बेडूक देतच नाही. पूर्वेला एक खोली आहे, मी तिच्यात अकरा वेळा मेलो म्हणून पाठ झाली आहे. शिरल्या शिरल्या समोरून दोन लहान बेडूक उड्या मारत येतात, त्यांच्याकडे लक्ष जाते, आणि मागे पाण्याच्या कडेला एक जण उभा आहे जो चांदणीसारखं धारदार काहीतरी फेकते. मी दर वेळी काय करून राहिलो तर समोरच्या बेडकाला खच खच खच, तीन, तो मेला, वा, आणि तेवढ्यात चांदणी पाठीत, दुसरा बेडूक डोक्यावर, पाच ठिपक्यांपैकी तीन गेले. एकूण जीवच पाच ठिपक्यांचा आहे भाऊ, लक्षात घे. बाराव्या वेळी मी समोरच्यांना हातच लावला नाही. सरळ त्यांच्या मधून डॅश मारून मागच्या फेकणाऱ्याजवळ गेलो, खच खच, बाजूला डॅश, परत खच, तो गेला. मग वळून लहान बेडकांना उडी मारू दिली, जमिनीवर आले की दोन वार, बाजूला. एकही ठिपका गेला नाही. मावसभावाने रेघ मारायला पेन उचललेलाच होता.

म्हणजे दोन नियम एकत्र झाले. एक, दूरून मारणारा पहिले संपवायचा, अंगावर येणारे नंतर. दोन, दोन वार आणि बाजूला. तिसरा वार फक्त तेव्हाच जेव्हा खोलीत तो शेवटचा उरला आहे. हावरटपणा दिसला की हा गेम लगेच चापट मारते, आणि खरं सांगू का, बटन जोरात दाबून दाबून जिंकायची जी सवय आपल्याला मोबाइल गेममुळे लागली आहे ती इथे पूर्ण मोडावी लागते.

बंदुकीला गोळ्या कशा मिळतात हे मला तासभर समजलं नव्हतं. गोळ्या सापडत नाहीत, तलवारीने मारलं की बंदूक भरते. पेट्या-बिट्या फोडल्या तरी भरते. म्हणून बंदूक वाचवून वाचवून ठेवण्यात अर्थ नाही, आपल्या घरी नव्या चादरी कपाटात ठेवतात पाहुण्यांसाठी, तसं करू नको. दूरचा फेकणारा दिसला की दोन गोळ्या घाल, मग जवळच्यांना तलवारीने मार, बंदूक परत भरली, परत गोळी. तलवार आणि बंदूक हे एकच चक्र आहे, हे डोक्यात बसलं त्या दिवशी मरणं अर्ध्यावर आली.

औषधाच्या किट सुरुवातीला तीनच जवळ ठेवता येतात. जागोजागी ठेवलेल्या सापडतात, आणि तीन भरलेल्या असताना चौथी दिसली तर तिथेच राहू दे, जागा लक्षात ठेव, पुढच्या खोलीत मार खाल्ला की परत येऊन घे. आणि वापरताना कंजूषी नको. शेवटच्या ठिपक्यापर्यंत थांबून "आता मारतोच याला" म्हणणारा मी अर्ध्या वेळा किट खिशात घेऊन मेलो आहे. दोन ठिपके उरले की वापर.

दरीत पडलं तर लगेच मरत नाही, एक ठिपका जाते आणि काठावर परत येते. पण पाचातला एक म्हणजे फुकट घालवलेला पैसा. लढाई दरीच्या कडेला चालू असेल तर पहिले मधोमध ये आणि मग मार.

पिवळे चौकोनी तुकडे सापडतात, गिअरबिट म्हणतात. चार जमले की एक पूर्ण होते आणि त्याने गावातल्या दुकानात नवीन गोष्टी शिकता येतात. तलवारीचं दुकान वेगळं, डॅशचं वेगळं, बंदुकीचं वेगळं. दुकानातही बोलणं नाही, चित्रच बघायचं. पहिले काय घ्यायचं यावर माझं आणि मावसभावाचं भांडण झालं, तो म्हणे बंदूक, मी म्हणतो डॅश. मी पैसे दिले म्हणून डॅश घेतला. साखळी डॅश, म्हणजे एकामागे एक लागोपाठ डॅश मारता येणं. दुसरी खरेदी तलवारीने समोरून येणारी गोळी परतवायची ती, ती घेतल्यावर दूरचे फेकणारे एकदम गरीब वाटायला लागतात.

पण साखळी डॅश घेतला म्हणजे जमला असं नाही. पहिले दोन तास मी बटन खटाखट दाबत होतो, दोन डॅश व्हायचे आणि हिरो जागेवर थांबायचा, आणि जागेवर थांबला म्हणजे मेला. याचं कारण असं की पुढचं बटन मागचा डॅश संपता संपता पडायला पाहिजे, आधी पडलं तर साखळी तुटते, उशिरा पडलं तरी तुटते. डोळ्याने बघून हे जमत नाही, कानाने जमते. शाळेत २६ जानेवारीच्या आधी लेझीम शिकवायचे ना, आमचे पीटीचे सर काय म्हणायचे, हाताकडे पाहू नका, ढोल ऐका. तेच इथे. स्क्रीनकडे फार टक लावू नको, डॅशचा आवाज ऐक आणि त्या ठेक्यावर बोट टाक, एक, दोन, एक, दोन. सुरुवातीचे दोन-तीन ठोके जरा अंदाजाने जातात, मग लय सापडली की बोट आपोआप चालते. मी गावातच, लढाई नसताना, गल्लीतून इकडून तिकडे पंधरा मिनिटं नुसता सराव केला, सात-आठ सलग जायला लागले तेव्हाच बाहेर पडलो. सलग ८०० मारणाऱ्याला गेम नवीन पोशाख देते म्हणे, तो पराक्रम ज्याच्याकडे वेळ आहे त्याने करावा, माझे सगळ्यात जास्त २३ झाले आहेत आणि चोविसाव्याला आईने हाक मारली.

नकाशा आहे, पण तो असून नसल्यासारखा. तू साधारण कुठे आहे एवढं सांगते, रस्ता सांगत नाही. मला पहिले राग आला, नंतर मजा यायला लागली, कारण मग डोळे उघडे ठेवावे लागतात. जमिनीवर किंवा भिंतीजवळ लहान चौकोनी खूण दिसली तर तिथे काहीतरी लपलेलं आहे असं समज. कधी भिंतीआडून वाट निघते, कधी दरीवर न दिसणारी फरशी असते जी पाय ठेवल्यावरच उजळते. एकदा खूण ओळखायला शिकला की मागे गेलेल्या चार खोल्या आठवतात, अरे तिथे पण होती, आणि परत जावं लागते. परत जायचा कंटाळा आला तर जमिनीवरच्या गोल वार्प पॅडवर उभा राहून नकाशा उघड, तिथून गावात किंवा दुसऱ्या भागात थेट जाता येते. हे मला तिसऱ्या तासाला समजलं. तोपर्यंत मी पायी.

प्रत्येक भागात त्रिकोणी चमकणारे मॉड्यूल शोधायचे असतात, त्यांच्यामुळे पुढचं उघडते. सगळेच्या सगळे शोधायची जबरदस्ती नाही, म्हणून एखादा सापडून नाही राहिला तर डोकं आपटू नको, पुढे जा.

आता बॉसबद्दल, म्हणजे त्या-त्या भागातला सगळ्यात मोठा शत्रू. पूर्वेचा बॉस म्हणजे बेडकांचा बादशहा. त्याच्या चाली मी सांगणार नाही, पण शिकायची पद्धत सांगतो. पहिल्या तीन वेळा त्याला हातच लावायचा नाही. फक्त पळायचं, आणि तो काय करण्याआधी काय करते ते बघायचं, कारण प्रत्येक हल्ल्याच्या आधी अंगाची काहीतरी हालचाल असतेच. मरणारच आहे तर बघून तरी मर. चौथ्या वेळी एक हल्ला निवड, फक्त एक, ज्याच्यानंतर तो थोडा वेळ थांबते, आणि तेव्हाच दोन वार मार. बाकी सगळ्या वेळी पळ. पाचव्या-सहाव्या वेळी दुसरी संधी आपोआप दिसायला लागते. माझा बादशहा चौदाव्या वेळी पडला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून ओरडलो "घेऊन जा गे मारबत!" (आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत इडापिडा घालवायला ओरडतात तसं) आणि मावसभावाने पुढचं ओढलं, "४२ मरणं घेऊन जा गे मारबत!", आणि आई आतून म्हणे पोळ्याला अजून तीन महिने आहेत, आवाज कमी करा.

माझ्या तक्रारी पण आहेत, नाही असं नाही. काही जागी पुढच्या झाडाच्या किंवा खांबाच्या मागे हिरो झाकला जाते आणि मार कुठून बसला हेच दिसत नाही. आणि गोष्ट चित्रांतून सांगायच्या नादात कधी कधी इतकी मोघम होते की मला वाटलं ते आणि मावसभावाला वाटलं ते यात एकाच्या मते तो राक्षस होता, दुसऱ्याच्या मते देव. पण रंग काय वापरले आहेत राव. गुलाबी, फिरोजी, जांभळा, मागे मोडून पडलेला डोंगराएवढा सांगाडा, आणि त्याच्यासमोर तू एवढासा. एका ठिकाणी हिरो आपोआप बसते, काही करायचं नसते, नुसतं बघायचं. मी बसलो. कूलरची टाकी रिकामी झाली तरी उठलो नाही.

सध्या उत्तरेला पहाडावर अडकलो आहे. तिथले पक्षीवाले दूरून आग फेकतात आणि जवळ गेलं की गायब होऊन मागे निघतात, माझा दोन वारांचा नियम तिथे एक वारावर आला आहे. मावसभाऊ सोमवारी परत आपल्या घरी गेला, जाताना पेपर घडी करून माझ्या टेबलावर ठेवून गेला, कोपऱ्यात जागा संपली म्हणून रेघा आता जाहिरातीवरून चालल्या आहेत, आणि खाली लिहिलं आहे, दादा, इमानदारीने मारजो.